दुःख आणि सांत्वन, ख्रिस्ती धर्मातील
दुःखाचा अर्थ लावणे आणि दुःखिताला धीर देणे, या दोन गोष्टींचा ख्रिस्ती परंपरेत आरंभापासून निकटचा संबंध आहे. तथापि या दोहोंत वेळोवेळी विरोधही उद्‌भवला आहे. दुःखाचे कारण सांगू पाहणारा मनुष्य अनेकदा दुःखितालाच दोषी ठरवितो, हे जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात स्पष्टपणे दाखविले आहे. संतती व संपत्ती गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री मूकपणे बसून राहतात. परंतु बोलू लागताच, त्याची विपत्ती हे पापाचेच फळ होय, असे ते प्रतिपादितात. अखेरीस ईश्वराचा रोष होतो तो या मित्रांवर. नव्या करारातही जन्मांधाचे अंधत्व त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे आलेले नाही, असे येशू सांगतो (योहान ९).

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौलाने सांत्वनाची मूळ भूमिका मांडली आहे. तेथील ‘पाराक्लेसिस’ या ग्रीक शब्दात जवळ बोलावणे, धीर देणे व उत्तेजन देणे हे अर्थ एकवटले आहेत. स्वतःच्या संकटात लाभलेल्या ईश्वरी सांत्वनामुळेच मनुष्य इतरांचे सांत्वन करण्यास समर्थ होतो, असे पौल म्हणतो. योहानच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला लावलेले ‘पाराक्लेतोस’ (मराठी बायबलमध्ये ‘कैवारी’) हे अभिधान त्याच धातूपासून बनले आहे.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमन साम्राज्यात पसरलेल्या महामारीत या भूमिकेची कसोटी लागली. कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृ. २५८) याने मर्त्यतेविषयी प्रबंध लिहून अनुयायांना धीर दिला, केवळ स्वकीयांचीच नव्हे, तर इतरांचीही सेवा करावी, असा त्याचा आग्रह होता. रुग्णांची शुश्रूषा करताना अनेक ख्रिस्ती मरण पावल्याचे ॲलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने लिहिले आहे. त्याचे वर्णन स्वपक्षीय असले, तरी सांत्वन म्हणजे शब्दांबरोबरच शुश्रूषा, ही धारणा त्यावरून दिसते. चौथ्या शतकात सिझेरियाचा बिशप बेसिल (सु. ३३०–७९) याने रुग्ण व निराश्रितांसाठी उभारलेल्या वास्तूने तिला संस्थारूप दिले.

रुग्णाला तेल लावून प्रार्थना करण्याची प्रथा याकोबाच्या पत्रात आढळते. मध्ययुगात पश्चिम यूरोपात ती मुख्यतः मरणासन्नांचा संस्कार बनली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ती केवळ मरणासन्नांसाठी नाही, असे स्पष्ट केले. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने आजारी फ्रेडरिक द वाइझसाठी १५१९ मध्ये सांत्वनपर ग्रंथ लिहिला आणि १५२७ च्या प्लेगमध्ये तो स्वतः व्हिटेनबेर्ख येथेच राहिला.

महाराष्ट्रात या विचाराचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) कार्यात आढळते. तरुणपणी दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील व बहीण आणि पुढे पती गमावलेल्या रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणून त्यांना आश्रय दिला. पुण्याजवळील केडगाव येथे त्यातून मुक्तिसदनाची वाढ झाली.

विसाव्या शतकात ‘दुःख सोसावे’ या उपदेशाचीच चिकित्सा झाली. हिटलरविरोधी कटाशी संबंधित असल्यामुळे एप्रिल १९४५ मध्ये फाशी दिले गेलेले डीट्रिख बोनहफर यांनी तुरुंगातील पत्रांत, ईश्वर आपल्या सामर्थ्याने नव्हे, तर दुर्बलतेने व दुःखसहनाने मानवाला साहाय्य करतो, असा विचार मांडला. युर्गेन मोल्टमान यांनी क्रूसावरील ईश्वरासंबंधीच्या १९७२ मधील ग्रंथात त्याच दिशेने विवेचन केले. डोरोथे झ्यॉले यांनी मात्र दुःखाचे उदात्तीकरण अन्यायाला पाठबळ देते, अशी टीका केली (१९७३). सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट क्रिस्टोफर्स या शुश्रूषागृहात शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक वेदनांचा एकत्रित विचार करण्यात आला. जे दुःख टाळता येते ते दूर करणे आणि जे टळत नाही त्यात दुःखिताला एकाकी न सोडणे, असे सांत्वनाचे दुहेरी स्वरूप या घडामोडींतून स्पष्ट झाले.