जोडलेल्या टेबलांच्या शोधसूचीतील अनन्य ओळखांक

संबंधात्मक डेटाबेसमधील दोन किंवा अधिक टेबले जॉइन करून मिळणाऱ्या ओळी सोलर, स्फिंक्स, इलॅस्टिकसर्च यांसारख्या शोधप्रणालीत भरताना प्रत्येक दस्तऐवजाला, म्हणजे शोधसूचीतील प्रत्येक स्वतंत्र नोंदीला, जो दुबार न येणारा अंक किंवा अक्षरमालिका दिली जाते, तिला अनन्य ओळखांक म्हणतात. टेबलाची प्रायमरी की त्या टेबलापुरतीच अनन्य असते. जॉइननंतर ती हमी उरत नाही.

ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये पुस्तकांचे एक, लेखकांचे दुसरे आणि कोणत्या पुस्तकाचे लेखक कोण हे सांगणारे तिसरे टेबल असते. ही तिन्ही जोडली की दोन लेखकांच्या पुस्तकाच्या दोन ओळी निघतात आणि दोन्हींत पुस्तकाचा क्रमांक एकच असतो. तोच ओळखांक मानला, तर सोलर दुसऱ्या ओळीला पहिलीचीच सुधारित आवृत्ती समजून पहिली काढून टाकतो. त्रुटीचा संदेश येत नाही, पहिला लेखक शोधात सापडेनासा होतो, आणि म्हणूनच हा दोष फार उशिरा ध्यानात येतो.

ओळखांक ठरवणे म्हणजे मुळात एक दस्तऐवज कशाला म्हणायचे ते ठरवणे होय. वाचकाला पुस्तक हवे असेल, तर दस्तऐवज पुस्तकाचा असावा, सर्व लेखकांची नावे त्यातील अनेक मूल्ये सामावणाऱ्या एकाच क्षेत्रात यावीत आणि पुस्तकाची प्रायमरी कीच ओळखांक व्हावी. बहुतेक ठिकाणी हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो. मात्र मायएसक्यूएलमधील ग्रुप_कॉन्कॅट हे ओळी एकत्र करणारे फलन मूळ मांडणीत 1024 बाइटांपुढचा मजकूर छाटते, त्यामुळे ती मर्यादा आधीच वाढवून घ्यावी लागते.

पुस्तक-लेखक ही प्रत्येक जोडी वेगळी दिसायला हवी असल्यास दोन्ही क्रमांक जोडून संयुक्त ओळखांक करतात. त्यात विभाजक चिन्ह आवश्यक असते, कारण ते नसेल तर 1 व 23 आणि 12 व 3 या दोन्ही जोड्यांचे 123 असेच रूप होते. लेफ्ट जॉइनमध्ये लेखक न मिळालेल्या ओळीत नल, म्हणजे मूल्याचा अभाव, येतो आणि प्रमाण एसक्यूएलनुसार नल जोडल्यास संपूर्ण ओळखांकच नल होतो. तेथे 0 सारखे ठरीव मूल्य घालावे लागते.

स्फिंक्सच्या 2.x आवृत्त्यांत ओळखांक शून्येतर, धन पूर्णांकच असावा लागतो, त्यामुळे तेथे अक्षरमालिका चालत नाही. दोन टेबलांच्या नोंदी एकाच सूचीत घालताना क्रमांकाची दुप्पट करून दुसऱ्या टेबलासाठी त्यात 1 मिळवतात: पुस्तक 7 चा ओळखांक 14 होतो, लेखक 7 चा 15. पुढे तिसरे टेबल आले की ही रचना कोलमडते, म्हणून आरंभीच 10 किंवा 100 चा गुणक घेणे शहाणपणाचे असते.

ओळींचा चालू अनुक्रमांक ओळखांक म्हणून वापरू नये, कारण क्वेरीतील क्रम बदलताच तो दुसऱ्याच नोंदीकडे जातो. सूची भरताना दर वेळी नव्याने निर्माण केलेला 128 बिटांचा यूयूआयडीही तितकाच घातक असतो. जुनी सूची रिकामी न करता पुन्हा भरल्यास प्रत्येक नोंदीची आणखी एक प्रत तयार होते. तोच यूयूआयडी टेबलात कायम साठवलेला असेल, तर मात्र तो उत्तम चालतो. डेटाबेसमधून ओळ वगळली गेल्यावर सूचीतील तिचा दस्तऐवज नेमका काढता यावा, यासाठी वगळलेल्या ओळींच्या नोंदवहीत संयुक्त ओळखांकाचे सर्व घटक जपून ठेवावे लागतात.