कॅसेट, कॉइन आणि पिक्चर ट्यूब : सोलापूरकडच्या जुन्या व्हिडिओ गेमचा इतिहास

महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या शहरांत, सोलापूर धरून, नव्वदच्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ या नावाने जे यंत्र घरोघर आले, ते बहुतेक वेळा जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. अस्सल फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आला. तो इकडच्या बाजारात दिसलाच नाही. तैवान आणि चीनमध्ये तयार झालेली त्याची रूपे मात्र मुंबईच्या बाजारातून सगळीकडे पोचली. त्यामुळे या भागातला जुन्या खेळांचा संग्रह हा मुळात नकलांचा संग्रह असतो. परदेशी संग्राहकांच्या याद्यांमध्ये ही यंत्रे ‘बनावट’ या खान्यात पडतात. इथल्या इतिहासासाठी मात्र तीच मूळ साधने आहेत, कारण मुलांच्या हातात प्रत्यक्ष तीच होती.

खेळाआधी पडदा हवा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि १९८४ पासून कमी शक्तीच्या प्रक्षेपकांमुळे दूरदर्शन मोठ्या शहरांबाहेर पसरले. औरंगाबादजवळच्या चितेगावला व्हिडिओकॉनचे संच तयार होऊ लागले आणि रंगीत टीव्ही मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्याआधी सोलापूरच्या मुलांची करमणूक म्हणजे सिनेमा आणि संक्रांतीला होम मैदानावर भरणारी सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. तिथले आकाशपाळणे वर्षातून एकदाच येत. टीव्ही घरात कायमचा राहिला आणि त्याला दुसरे यंत्र जोडता येते ही कल्पना व्हीसीआरने रुजवली.

महाराष्ट्रात या खेळांची एक आधीची, फारशी आठवली न जाणारी शाखा आहे ती घरगुती संगणकाची. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवान्याने केलेली आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. त्यातले खेळ साध्या ध्वनिफितीवर असत. टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून फीत लावायची, किंचाळल्यासारखा आवाज ऐकत काही मिनिटे थांबायचे, आणि आवाजाची पातळी चुकली तर पहिल्यापासून सुरुवात. याच सुमारास, १९८४ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो मिळाले. अभ्यासासाठी आलेल्या यंत्रांवर मुलांनी खेळ शोधले. या शाखेची यंत्रे संख्येने थोडी होती आणि १९९० च्या सुमारास तिचा बाजार संपला. म्हणून आज डीबी स्पेक्ट्रम सापडणे हे संग्राहकासाठी मोठे भाग्य समजायला हवे.

परदेशी कंपन्यांची यंत्रे उघडपणे का आली नाहीत, याचे उत्तर आयात धोरणात आहे. १९९१ च्या उदारीकरणानंतरही ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध बराच काळ राहिले. ते पूर्ण उठले १ एप्रिल २००१ रोजी. आयात शुल्कही जबर होते. १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीने सेगाशी करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तेव्हा एका यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. इतक्या पैशांत त्या काळी रंगीत टीव्ही येत असे. अधिकृत यंत्र म्हणूनच श्रीमंतांच्या घरापलीकडे गेले नाही आणि मोकळी राहिलेली जागा नकलांनी भरली. समुराई, लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी नावे खोक्यांवर झळकली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मिताशीने पुढे याच जातीची यंत्रे ‘गेम-इन’ नावाने रीतसर दुकानांत आणली.

या नकलांची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण जतनाचे सगळे प्रश्न तिथूनच निघतात. फॅमिकॉमचा मेंदू हा १९७५ च्या ६५०२ या प्रोसेसरवर बेतलेला होता. त्याला कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती. सुरुवातीच्या नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीने घडवलेल्या सुट्या चिप असत. पुढे अख्खे यंत्र एकाच चिपवर आले आणि त्या चिपवर काळ्या लुकणाचा गोळा ओतलेला असे. दुकानदार त्याला नुसता ‘काळा ठिपका’ म्हणून दाखवतो. सुट्या चिपचे यंत्र दुरुस्त होऊ शकते. काळ्या ठिपक्याचे यंत्र मेंदूत बिघडले की टाकावेच लागते. जुने, जड आणि आत चार-सहा चिप असलेले यंत्र म्हणून संग्राहक जपून ठेवतात.

खेळ ज्या डब्यात येई त्याला सगळीकडे ‘कॅसेट’ हाच शब्द होता, आत फीत नसली तरी. त्या डब्याला ६० पिना असत. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात थोडेच खेळ वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत मांडलेले असत. नक्कल करणारे खेळाच्या सुरुवातीच्या पानावरचे कंपनीचे नाव पुसून टाकत, म्हणून मुलांनी खेळांना आपली नावे दिली. नामकोचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’ हा फक्त ‘टँक’ झाला. ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘सर्कस’, ‘डक हंट’, ‘रोड फायटर’ ही नावे सगळ्यांच्या तोंडी होती. जगभर गाजलेला सुपर मारिओ ब्रदर्स (१३ सप्टेंबर १९८५) अवघ्या ४० किलोबाइटांत मावतो. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो.

सोलापूरचा मारिओ जपानच्या मारिओपेक्षा हळू धावत असे. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला ६० चित्रे उमटत, भारतातल्या पाल पद्धतीत ५०. नकली यंत्रे पाल टीव्हीसाठी जुळवलेली असल्याने खेळ आणि त्याचे संगीत सुमारे एक षष्ठांशाने मंदावे. त्या गतीवर उडी शिकलेल्या माणसाला अस्सल यंत्रावरचा खेळ नको इतका वेगवान वाटतो. जतन करताना ही गतीही जपायला हवी. संगणकावर जपानी गतीने चालवलेला तोच खेळ इथल्या मुलाने खेळलेला खेळ नव्हे.

या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा असून तो ८ बाय ८ च्या चौकटींनी भरला जातो. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या पद्धतीने कागदावर उतरते तिच्याशी याचे जवळचे नाते आहे: जॅकार्ड मागासाठी नक्षीकार आलेख-कागदावर एकेक घर रंगवतो आणि त्यावरून पत्त्यांना भोके पाडली जातात. चौकटींत मोर किंवा फूल बसवायचे तर वळणाच्या रेषेला पायऱ्या पडतातच. मारिओच्या टोपीलाही त्याच पायऱ्या आहेत.

घराबाहेर व्हिडिओ गेम पार्लर होते. रुपया-दोन रुपयांचे कॉइन घ्यायचे आणि उभ्याने खेळायचे. इथले यंत्र वेगळे : लाकडी कपाट, आत मोठी पिक्चर ट्यूब आणि १९८५ च्या जपानी ‘जामा’ मानकाप्रमाणे ५६ टोकांच्या जोडणीत घुसवलेला खेळाचा बोर्ड. बोर्ड बदलला की त्याच कपाटात नवा खेळ. ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१), ‘मेटल स्लग’ (१९९६), ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हे खेळ भारतभर चालले, पण सर्वांत आपला झाला तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. हे लांबलचक नाव कोणी घेतले नाही. चार नायकांपैकी मुस्तफा कैरो हा सर्वांत चपळ, म्हणून खेळाचेच नाव ‘मुस्तफा’ पडले. मार्क शुल्झच्या अमेरिकन चित्रकथांवर बेतलेला हा खेळ त्या कथांच्या मायदेशात इतक्या जिव्हाळ्याने आठवला जात नाही.

पार्लरकडे पालक आणि पोलीस संशयाने पाहत. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ च्या कक्षेत व्हिडिओ गेमही आले. सोलापूरच्या सीमेला लागूनच असलेल्या कर्नाटकातल्या एका खटल्यात, एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पार्लरना परवाना बंधनकारक करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. पैजेची यंत्रे आणि निव्वळ खेळाची यंत्रे एकाच छताखाली असल्याने मुस्तफालाही जुगाराचा डाग लागला. हे अन्यायाचे होते. मुस्तफात पैसे परत मिळण्याची सोयच नाही. हाताचे कौशल्य असेल तर एका कॉइनवर जास्त वेळ उभे राहता येते, एवढीच त्यातली कमाई.

दोन हजारनंतर खेळ संगणकाकडे सरकला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची (एमकेसीएल) स्थापना २००१ ची, त्याचा संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००२ चा. त्या निमित्ताने गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले. तिथे शिकवणी संपली की ‘डेव्ह’, ‘प्रिन्स’ आणि ‘रोड रॅश’ उघडत. ते खेळ एका संगणकातून दुसऱ्यात गेले. सोनीचे प्लेस्टेशन टू भारतात जगापेक्षा जास्त काळ टिकले आणि २००९ मध्ये त्यासाठी विटीदांडू, कबड्डी अशा मैदानी खेळांचा ‘देसी अड्डा’ही निघाला. पुढे मोबाइल आला आणि जुनी यंत्रे माळ्यावर किंवा भंगारात गेली. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, पण घरातला तुटका गेम त्या रीतसर वाटेने फार क्वचित जातो.

आज संग्राहक ही यंत्रे शोधतात ती पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, भंगारवाल्यांकडे आणि नातेवाइकांच्या माळ्यांवर. खोके असले तर उत्तम, कारण नकलेचे नाव बहुधा खोक्यावरच असते. यंत्रावर उत्पादकाचा पत्ता नसतो.

यंत्र मिळाल्यावर पहिला नियम असा की ते लगेच विजेला लावू नये. अ‍ॅडॉप्टरच्या टोकाची धन बाजू आत आहे की बाहेर, हे यंत्रागणिक बदलते. उलट जोडणीत यंत्र क्षणात जळते. यंत्राच्या आत ७८०५ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा तीन पायांचा भाग असतो. तो आणि त्याभोवतीचे कपॅसिटर हे पहिल्यांदा दगावतात. कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर राहणाऱ्या सोलापुरात पत्र्याखालचा माळा ही यंत्र ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे. सुदैवाने हे भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिराकडे मिळतात आणि काही रुपयांत बदलून होतात.

कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची, ही सवय सगळ्या पिढीला होती. उपयोग फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिनांवरचा गंज घासला जाई आणि जोड लागे. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट तांबे हिरवे पडले. आता पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. फारच काळवंडल्या असतील तर पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवतात, कारण जोर लावला तर वरचा पातळ मुलामाच निघतो. ‘रिमोट’चे, म्हणजे हातातल्या नियंत्रकाचे, बटण दबत नसेल तर आतल्या रबराच्या तळाचा कार्बन झिजलेला असतो. वायर तुटते ती नेहमी मुळाशी. पांढरे प्लास्टिक पिवळे पडते ते त्यातल्या ब्रोमीनयुक्त रसायनामुळे आणि उन्हामुळे. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते उजळते, पण प्लास्टिक ठिसूळही होऊ शकते. पिवळेपणा राहू देणे जास्त शहाणपणाचे.

भारनियमनाच्या वर्षांत या यंत्रांनी आणखी हाल सोसले. बहुतेक कॅसेटमध्ये खेळ साठवण्याची सोय नव्हती, म्हणून आठव्या जगापर्यंत पोचलेला मारिओ वीज गेली की पहिल्या जगात परते. वीज येताना बसणाऱ्या झटक्याने अ‍ॅडॉप्टर जात. जुन्या यंत्रासोबत दोन-तीन वेगवेगळे अ‍ॅडॉप्टर मिळतात त्याचे कारण हेच.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही हा या संग्रहाचा सर्वांत अवघड भाग आहे. डक हंटची बंदूक त्याशिवाय चालतच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला प्रकाशग्राही भाग तो चौकोन पाहतो का, यावर नेम ठरतो. सपाट पडदा चित्र थोडे उशिरा दाखवतो आणि बंदूक आंधळी होते. पिक्चर ट्यूब आता कुठे बनत नाहीत. जुना संच दुरुस्त करताना ट्यूबला जाणारी वीस हजार व्होल्टच्या वरची वीज बंद केल्यावरही साठून राहते, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे लागते, आणि असे कारागीर साठीपुढचे आहेत.

पार्लरच्या बोर्डांची गोष्ट वेगळीच आहे. अस्सल मुस्तफा बोर्डवर कॅपकॉमने नकलेविरुद्ध एक बॅटरी बसवली होती. तिच्यावर काही गुप्त माहिती जपलेली असे. बॅटरी संपली की ती पुसली जाई आणि बोर्ड गप्प होई. तीस वर्षांत अशा बऱ्याच बॅटऱ्या संपल्या. नकली बोर्ड करणाऱ्यांनी ही कुलूपव्यवस्था आधीच उघडून खेळ साध्या ईप्रॉम चिपवर भरला होता. त्या नकली बोर्डांचा आवाज कमी प्रतीचा आहे, पण त्यांना बॅटरीच लागत नाही. त्या चिपच्या काचेच्या खिडकीवरचा स्टिकर मात्र निघू द्यायचा नाही, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो. संग्राहक असा बोर्ड हाती आला की आधी स्टिकर तपासतात, मग प्रोग्रॅमर यंत्रावर प्रत्येक चिपची प्रत काढून घेतात, आणि त्यानंतरच बोर्ड कपाटात बसवून कॉइन टाकतात.