परीक्षकाने केव्हा यावे?

परीक्षक म्हटला की तयार माल हाती घेऊन त्यातील खोट शोधणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. संगणकाच्या सॉफ्टवेअरचे परीक्षकही पुष्कळदा असेच शेवटी बोलावले जातात. परंतु काम सुरू होण्यापूर्वी, यंत्राकडून काय हवे हे सांगणारा जो मसुदा लिहिला जातो, तोही त्यांनी वाचला पाहिजे. तो का, हे एका अग्निबाणाच्या इतिहासावरून ध्यानात येईल.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘एरियान ५’ हा युरोपीय अग्निबाण प्रथमच झेपावला. ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह त्याच्यावर होते. सुमारे ४० सेकंदांतच, ३,७०० मीटरांच्या आसपास, तो मार्ग सोडून वळला आणि नष्ट झाला. गणितज्ञ झाक-लुई लियाँस यांच्या चौकशी मंडळाने जुलैमध्ये अहवाल दिला.

अग्निबाणाची स्थिती व गती सांगणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर जवळजवळ जसेच्या तसे ‘एरियान ४’ वरून घेतलेले होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग मात्र बराच अधिक होता. त्या वेगाशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या घरात, म्हणजे ३२,७६७ च्या मर्यादेत, मावेना. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिले होते. ही उरलेल्या तिघींतील. उपकरण बंद पडले. जोडीचे राखीव उपकरण तर त्याच कारणाने क्षणभर आधीच थांबले होते.

श्रोतेहो, चाचण्या झाल्याच नव्हत्या असे नाही. पण उपकरणाच्या मसुद्यात ‘एरियान ५’च्या उड्डाणमार्गाची माहितीच नव्हती, ती घालू नये असे संबंधितांनी मिळून ठरविले होते. जे मागितलेच नाही, ते तपासले गेले नाही. अपघातानंतर खऱ्या मार्गाचे आकडे त्याच सॉफ्टवेअरला पुरविले, तेव्हा सारा घटनाक्रम संगणकावर जसाच्या तसा घडला. आणखी दुर्दैव असे की, ज्या गणनेत हा घात झाला, तिचा नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. एका जुन्या अग्निबाणाची ती गरज होती. गरज संपली, अट तेवढी राहिली.

मसुदा लिहिणाऱ्याला आपल्या मनातले ठाऊक असते, म्हणून न लिहिलेलेही त्याला लिहिल्यासारखे वाटते. परीक्षकाची गोष्ट निराळी. प्रत्येक वाक्याची त्याला कसोटी तयार करावयाची असते. म्हणून तो विचारतो : हे कोणत्या परिस्थितीत खरे ठरावयास हवे? ते खरे ठरले हे मोजावयाचे कसे? आणि ही अट आज कोणाला हवी आहे? कुरूच्या अपघाताच्या मुळाशी याच प्रश्नांची उत्तरे राहून गेली होती.

‘क्लस्टर’चे चार नवे उपग्रह २००० साली रशियन अग्निबाणांनी अवकाशात पोहोचविले. मध्ये चार वर्षे गेली. कागदावर विचारलेल्या प्रश्नाला एखादी दुपार पुरली असती.