एकाच कोटात दोन विधी : कॅथलिक धर्मसंघांचे उपासनाविधी आणि धर्मसुधारणा (वसई, गोवा व पुणे यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेज्वीट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चार कॅथलिक धर्मसंघांच्या वास्तू एकमेकींपासून थोड्याच अंतरावर होत्या. यांतील बहुतेक आज भग्नावस्थेत आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला जिंकला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला. या घटनेचा लष्करी व राजकीय अंगाने मराठीत विपुल अभ्यास झाला आहे. मात्र या चार वास्तूंमध्ये उपासना कशा रीतीने होत असे, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. फ्रान्सिस्कन, जेज्वीट आणि ऑगस्टिनियन धर्मगुरू रोमन पद्धतीची मिस्सा करीत. डॉमिनिकनांची मिस्सा संघाच्या नियमानुसार निराळी होती. धर्म एक, भाषा एकच लॅटिन, पोप एकच. तरीही एका कोटात दोन विधी नांदत होते.

सोळाव्या शतकात रोमने एकरूपतेचा आग्रह धरला, तेव्हा हा वेगळा विधी टिकून राहिला. विसाव्या शतकात रोमने विविधतेचा पुरस्कार केला, तेव्हा तो विधी बाजूला ठेवला गेला. या वरवर विपरीत दिसणाऱ्या घडामोडीची कारणमीमांसा करणे आणि तिचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी असलेला संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धर्मसंघ आणि त्यांचे स्वतंत्र विधी :

मध्ययुगीन युरोपात उपासनेची एकच सर्वमान्य पद्धत नव्हती. प्रांताप्रांतांत, धर्मप्रांताधर्मप्रांतांत भेद होते. तेराव्या शतकात उदयास आलेल्या भिक्षुसंघांपुढे यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. या संघांचे सदस्य एका मठातून दुसऱ्या मठात, एका देशातून दुसऱ्या देशात सतत फिरत. प्रत्येक ठिकाणी प्रार्थनेची पद्धत वेगळी असेल, तर सामूहिक प्रार्थना चालणार कशी?

या अडचणीतून दोन मार्ग निघाले. फ्रान्सिस्कनांनी पोपच्या दरबारात प्रचलित असलेला विधी स्वीकारला आणि आपल्या भ्रमंतीबरोबर तो युरोपभर नेला. डॉमिनिकनांनी मात्र संघासाठी स्वतंत्र विधी निश्चित केला. संघप्रमुख हंबर्ट ऑफ रोमन्स यांच्या काळात, १२५६ मध्ये, त्याला अंतिम रूप मिळाले आणि १२६७ मध्ये पोप क्लेमेंट चौथे यांनी त्यास मान्यता दिली. कार्मेलाईट संघाने आपला उगम पवित्र भूमीत मानला असल्याने जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमधील विधी जतन केला. सिबर्ट दे बेका यांच्या १३१२ च्या विधिग्रंथाने तो स्थिर झाला.

डॉमिनिकन विधीतील भेद तत्त्वाचे नव्हते, रीतीचे होते. साध्या मिस्सेत धर्मगुरू आरंभीच चषकात द्राक्षरस व पाणी घालून ठेवत असे. रोमन विधीत भाकर आणि द्राक्षरस यांचे अर्पण स्वतंत्र प्रार्थनांनी होई. डॉमिनिकन विधीत ते एकत्र होई. ख्रिस्तशरीराच्या अभिषेकानंतर धर्मगुरू क्रुसाच्या आकारात दोन्ही बाहू पसरी. पापांगीकाराची प्रार्थना त्रोटक असे आणि तीत संत डॉमिनिक यांचा उल्लेख येई. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेनंतर मरियेचे स्तोत्र गात मठवासी मिरवणुकीने निघत. अशा लहानसहान कृतींतून नवशिक्या सदस्याच्या अंगी संघाची ओळख मुरत असे.

ट्रेंटची सुधारणा : एकरूपता आणि अपवाद :

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–१५६३) उपासनाग्रंथांच्या शुद्धीकरणाचे काम पोपवर सोपविले. त्यानुसार पोप पायस पाचवे यांनी १५६८ मध्ये नित्यप्रार्थनाग्रंथ आणि १४ जुलै १५७० रोजी मिस्साग्रंथ प्रसृत केला. हा ग्रंथ लॅटिन परंपरेतील सर्व चर्चना बंधनकारक ठरला; परंतु ज्यांचा विधी दोनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आला होता, त्यांना तो पुढे चालविण्याची मुभा राहिली. पायस पाचवे हे स्वतः डॉमिनिकन होते, ही बाब लक्षणीय आहे. तथापि सवलत सर्वांना लागू होणाऱ्या कालमर्यादेच्या निकषावर होती, केवळ त्यांच्या संघासाठी नव्हती.

तरीही सवलत मिळालेल्या सर्वांनीच ती वापरली नाही. तेरेसा ऑफ आविला यांच्या सुधारणेतून निर्माण झालेल्या अनवाणी कार्मेलाईटांनी १५८६ मध्ये जुना कार्मेलाईट विधी सोडून रोमन विधी पत्करला. मूळ कार्मेलाईट शाखेने मात्र आपला विधी जपला. म्हणजे एकाच परंपरेतील दोन शाखांनी परस्परविरोधी निर्णय घेतले. जेज्वीटांपुढे हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या या संघाने गायनमंडपातील सामूहिक नित्यप्रार्थनेचे बंधनच स्वीकारले नव्हते. त्यांची ओळख विधीवर उभी नसल्याने विधीविषयक सुधारणेत गमावण्यासारखे त्यांच्यापाशी थोडेच होते.

गोवा आणि उत्तर कोकण :

डॉमिनिकनांचा समूह १५४८ मध्ये गोव्यात आला. त्यानंतर गोव्याखेरीज चौल आणि वसई येथेही त्यांचे मठ उभे राहिले. रेवदंड्याच्या कोटातील त्यांच्या चर्चचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. अशा रीतीने पॅरिस आणि बोलोन्या येथील मठांत रुजलेला तेराव्या शतकातील विधी कोकणच्या किनाऱ्यावर पोहोचला.

स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व मर्यादित होते, हेही नमूद केले पाहिजे. लॅटिन भाषा दोन्ही विधींत सारखीच अनाकलनीय होती. लोकभाषेला स्थान मिळाले ते विधीच्या बाहेर. जेज्वीट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदीवरची भाषा बदलणे शक्य नव्हते, म्हणून वेदीच्या पायरीखाली मराठी आली, असे म्हणता येईल. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि तेवढी जागाही आक्रसली.

या प्रदेशातील डॉमिनिकन विधीचा अंत कोणत्याही धर्मपरिषदेने घडवून आणला नाही. १७३९ मध्ये वसई आणि त्यापाठोपाठ १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आले आणि तेथील मठजीवन संपुष्टात आले. गोव्यातील मठांवर घाव पडला तो पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारच्या ३० मे १८३४ च्या हुकुमाने. त्यानुसार पुरुषांचे धर्मसंघ विसर्जित झाले आणि १८३५ मध्ये गोव्यात त्याची अंमलबजावणी झाली. विधी टिकण्यासाठी केवळ परवानगी पुरत नाही, तो पाळणारा समूहही असावा लागतो, हे यातून स्पष्ट होते.

मुंबईचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटातील पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना दूर करून तेथील चर्च अनवाणी कार्मेलाईट बिशपांच्या स्वाधीन केली. अधिकारक्षेत्रावरून दीर्घकाळ वाद माजला. परंतु वेदीवर होणारी मिस्सा बदलली नाही. फ्रान्सिस्कन रोमन विधीचेच होते आणि अनवाणी कार्मेलाईटांनीही १५८६ पासून तोच पत्करला होता. युरोपात घेतलेल्या एका निर्णयाचा परिणाम सव्वाशेहून अधिक वर्षांनी मुंबईच्या सामान्य भाविकांच्या अनुभवात असा दिसून येतो.

दुसरी व्हॅटिकन परिषद : स्वेच्छेचा त्याग :

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात सर्व मान्य विधी समान हक्काचे व समान सन्मानाचे मानले. त्याच दस्तऐवजाने लोकसहभाग, लोकभाषा आणि विविध जनसमूहांच्या संस्कृतींशी जुळवून घेणे यांना महत्त्व दिले. १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी नवा मिस्साग्रंथ जाहीर केला. डॉमिनिकनांनी १९६८ च्या संघसभेनंतर रोमकडे परवानगी मागितली आणि १९६९ मध्ये सुधारित रोमन विधी स्वीकारला. जुना विधी वापरण्यास परवानगी देण्याचा अधिकार संघाकडे राहिला. मूळ कार्मेलाईट शाखेनेही १९७२ मध्ये आपला विधी सोडला. कार्थुसियन संघाने मात्र आपला विधी सुधारून जपला.

या त्यागामागे व्यावहारिक कारणे होती. एका संघाचे स्वतंत्र ग्रंथ जगातील अनेक भाषांत अनुवादित करणे जड होते. उपासना ही सर्व भाविकांची असेल, तर धर्मगुरूच्या संघानुसार ती बदलणे लोकांच्या सहभागात अडसर ठरण्याची शक्यता होती. कार्थुसियनांचे जीवन एकांतातले असल्याने त्यांच्यापुढे हा पेच नव्हता. विविधतेचा आधार येथे बदलला. तो आता संघ नव्हता. लोकसमूह, भाषा आणि संस्कृती हा होता.

पुण्यातील प्रयोग :

भारतात या बदलाचे ठळक चिन्ह म्हणजे २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने मान्य केलेली बारा कलमे. पादत्राणे काढून भुईवर बसणे, अंजलिबद्ध नमस्कार, पंचांग प्रणाम, समईचा प्रकाश, उदबत्ती, आरती, धर्मगुरूसाठी साधे उपरणे इत्यादींना त्यांत वाव मिळाला. ही कलमे सक्तीची नव्हती. अंमलबजावणी स्थानिक बिशपांच्या विवेकावर सोपविलेली होती.

पुण्यात याची पूर्वपीठिका कॅथलिक चर्चच्या बाहेर तयार झाली होती. अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला; दशकाच्या उत्तरार्धात त्याचा आश्रम पुण्यात आला. भारतीय वळणाच्या ख्रिस्ती उपासनेचा विचार विन्स्लो यांनी १९२० पासून मांडला होता. १९७२ मध्ये शिवाजीनगरच्या या आश्रमात सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या भगिनी आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. सिस्टर वंदना आणि शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. दोन चर्चमधील धर्मभगिनींच्या सामूहिक प्रार्थनेने येथे आश्रमजीवनाचे रूप घेतले.

मात्र या वाटचालीला मर्यादाही होत्या. १९७५ मध्ये रोमने मिस्सेत अन्य धर्मग्रंथांचे वाचन आणि भारतीय बनावटीच्या प्रायोगिक मिस्साप्रार्थना यांना प्रतिबंध केला. मुंबईसारख्या जुन्या ख्रिस्ती समाजांतील अनेकांना या खुणा परक्या वाटल्या. आरती आणि पंचांग प्रणाम ही कोणाची संस्कृती, हा त्याहून मूलगामी प्रश्न दलित ख्रिस्ती विचारातून पुढे आला. १९८१ मध्ये बेंगळुरू येथे अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती ईश्वरशास्त्रावरील उच्चवर्णीय छापेवर जे आक्षेप घेतले, ते उपासनेच्या भारतीयीकरणालाही लागू पडतात. ज्यांनी देवळाच्या पायरीवरून हाकलले जाण्याचा अनुभव घेतला, त्यांना देवळातील चिन्हे चर्चमध्ये भेटणे सुखाचे असेलच, असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :

१. सोळाव्या शतकातील सुधारणेने प्राचीनतेच्या निकषावर संघांचे विधी राखले. विसाव्या शतकातील सुधारणेनंतर बहुतेक संघांनी ते स्वेच्छेने सोडले.

२. कोकण व गोवा येथील डॉमिनिकन विधीचा अस्त धार्मिक निर्णयाने झाला नसून मराठ्यांचा विजय आणि पोर्तुगालमधील राजकीय परिवर्तन यांमुळे झाला.

३. विधीतील विविधतेचा आधार संघाकडून संस्कृतीकडे सरकला. संघाचा विधी कोणाचा, हे निर्विवाद होते. संस्कृतीचा विधी कोणाचा, हे मात्र वादग्रस्तच राहिले.

वसईच्या कोटातील दोन विधींमध्ये लोकांना निवडीचा अधिकार नव्हता. निवड संघांनी केलेली होती. पुढील काळात लोकांची भाषा वेदीवर आली. तथापि त्या वेदीभोवतीची चिन्हे ठरविताना कोणाचा आवाज ऐकला जातो, यावरच या सुधारणेचे यश अखेर मोजावे लागेल.