मातीची पाखरं

पक्षी पाळावा तर मातीचा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो दाणे मागत नाही, पहाटे चारला ओरडत नाही आणि पिंजरा उघडा राहिला तरी उडून जात नाही. हे शहाणपण पेरू देशातल्या नाझ्का लोकांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच सुचलं होतं. त्यांच्यापाशी ना कुंभाराचं चाक, ना लिपी. पण हातानं घडवलेली त्यांची पक्ष्यांच्या आकाराची भांडी पाहावीत! पोटात पाणी, पाठीवर बहुधा दोन तोट्या आणि त्यांना जोडणारा इवलासा पूल. आपली झारी बिचारी एका तोटीवर संसार करते. रंगीत मातीचे पातळ लेप भाजण्याआधीच द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे, मग भट्टी. ते रंग अजून टिकून आहेत. आमच्या दिवाणखान्याचा रंग दोन पावसाळे काढत नाही.

माक्स ऊले या जर्मन संशोधकानं बर्लिनच्या संग्रहालयात नाझ्का भांडी पाहिली. ती कुठल्या गावची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हा पठ्ठ्या शोधत पेरूत गेला आणि १९०१ साली इका नदीच्या खोऱ्यातल्या थडग्यांत त्याला तशीच भांडी सापडली. भांडं कुणाच्या उशाशी होतं, शेजारी काय होतं, यावरूनच तर त्या माणसांची ओळख पटते. थडगी फोडणारे चोर नेमकं तेच उधळून लावतात. मातीचा पक्षी उडत नाही हे खरं. पण त्याच्याबरोबर पुरलेली हकीकत मात्र भुर्रकन उडून जाते.