संपादनानंतर छायाचित्र का बिघडते?

कॅमेऱ्यात सुस्पष्ट दिसणारे छायाचित्र संगणकावर थोडे उजळले, कडा कापल्या आणि सेव्ह केले की काही वेळा त्याची रया जाते. चेहऱ्यावरील बारकावे पुसट होतात, अक्षरांभोवती ठिपके उमटतात. दोष कॅमेऱ्याला दिला जातो. कारण मात्र बहुधा सेव्ह करण्याच्या पद्धतीत असते.

बहुतेक छायाचित्रे ‘जेपेग’ स्वरूपात असतात. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील वगळून फाइल लहान केली जाते. यामागील गणिती तंत्र बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले. फाइल नुसती उघडल्याने किंवा तिची प्रत काढल्याने काहीही बिघडत नाही. बदल करून ती पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केली, की काटछाट नव्याने होते. एकदा वगळलेला तपशील परत मिळत नाही.

बिघाडाच्या खुणांवरून कारण ओळखता येते.

चौकोनी ठोकळे : सेव्ह करताना दर्जा कमी ठेवलेला असतो. मूळ फाइल घेऊन पुन्हा काम करावे. फोटोशॉपच्या ० ते १२ या मोजपट्टीवर दर्जा १० किंवा अधिक ठेवावा.

आकाशात पट्टे : ८ बिट चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटाच असतात. उजळपणा फार ताणल्यास त्या अपुऱ्या पडतात. शक्य असल्यास कॅमेऱ्याच्या ‘रॉ’ फाइलवर १६ बिटमध्ये काम करावे.

फिके रंग : ‘अॅडोब आरजीबी’मधील चित्र काही पडद्यांवर निस्तेज दिसते. इतरांना पाठवण्यापूर्वी ते ‘एसआरजीबी’मध्ये रूपांतरित करावे.

छपाईत धूसरपणा : ६ बाय ४ इंचांच्या उत्तम प्रतीसाठी इंचाला ३०० याप्रमाणे १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. सेव्ह करताना चित्राचा आकार घटला आहे का, हे पाहावे. लहान झालेले चित्र मोठे केल्याने हरवलेले बारकावे येत नाहीत.

मूळ फाइल वेगळी व अस्पर्शित ठेवणे, काम ‘टिफ’ किंवा ‘पीएसडी’मध्ये करणे आणि जेपेग प्रत सर्वांत शेवटी एकदाच काढणे, हा खरा उपाय. आजी-आजोबांच्या एकुलत्या एक छायाचित्राचे स्कॅन दुरुस्त करताना तर हा नियम कधीही मोडू नये.