सातपूरचा सातबारा

त्र्यंबक रस्त्यावर सातपूरला पाळी सुटली की दुचाकींची रांग लागते. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी या रस्त्याच्या कडेला शेते होती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, सातपूरच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि ‘मायको’, सिएट, महिंद्र या कारखान्यांची नावे गावाच्या रोजच्या बोलण्यात आली. १९८२ मध्ये सातपूर नाशिक महापालिकेत गेले. शिवार गेले, मागोमाग चावडीही मागे पडली. अशोकनगर, श्रमिकनगर, कामगारनगर अशा वसाहतींत राज्यभरातून माणसे आली आणि येताना प्रत्येकाने आपल्या गावाकडच्या जमिनीचा एक कागद पेटीत घालून आणला. तो कागद म्हणजे सातबारा.

सातबारा हा खरे तर एक कागद नाही, दोन आहेत. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, कोणत्या भूधारणेची आणि तिच्यावर कोणाचे काय येणे आहे. गाव नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत या वर्षी काय पेरले, याची नोंद. दोन्ही एका पानावर वर-खाली छापले गेले आणि लोकांनी त्यांचे एकच नाव केले. अँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नियमपुस्तकाने गावाचा सगळा महसुली हिशेब १ ते २१ नमुन्यांत बसवला होता. त्यातले सहा (फेरफार), सात, आठ-अ आणि बारा एवढे चारच आकडे शेतकऱ्याच्या तोंडी राहिले.

या कागदाची मुळे पेशवाईनंतरच्या मोजणीत आहेत. पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पहिली पाहणी फसली. कागदावर ती नेटकी होती, पण हाताखालच्या माणसांनी मापे चुकीची घेतली आणि आकारणी रयतेला पेलली नाही. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात कामाला नव्याने हात घातला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. एखाद्या साधनाची रचना चांगली आहे हे कसे ओळखावे, याचे हे ठळक उदाहरण आहे. माप साखळीतच होते, त्यामुळे न शिकलेल्या शेतकऱ्यालाही मोजणीदाराचा हिशेब बोटांवर पडताळता येत होता. आज हेक्टर-आर आले, तरी नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सौदा गुंठ्यातच बोलला जातो.

मात्र त्या मोजणीचा हेतू सारा वसूल करणे हा होता. सारा कोण भरतो एवढेच सरकारला हवे होते. भावाचा हिस्सा, सावकाराचे गहाण, कुळाचा हक्क कागदावर येतच नव्हते. ते यावेत म्हणून मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. तिथून ‘इतर हक्क’ हा रकाना जन्माला आला. पुढे स्वतंत्र राज्यात १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, १९७१ चे नियम आले आणि आजचा सातबारा त्या चौकटीत बसला.

फेरफाराची रीत समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला की तलाठी नमुना सहामध्ये नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते आणि एक प्रत चावडीवर लागते. पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या रचनेचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: चावडीवर लागलेला कागद गावातल्या माणसांच्या नजरेस पडणार. सातपूरला पाळीत काम करणाऱ्या माणसाचे गाव शेकडो किलोमीटर दूर. त्याच्यासाठी चावडी आणि भिंत सारखीच. तो सुट्टी काढून गावी जायचा, तेव्हा नोंद होऊन वर्ष उलटलेले असायचे.

संगणक आला तो या अडचणीसाठी आला नव्हता. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. पुढे शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्प उभा केला आणि तालुक्याच्या गावी खिडकीवर छापील उतारा देऊ लागला. महाराष्ट्रातही हस्तलिखित सातबारे टंकून संगणकात गेले, पण वहीत जे होते ते चुकांसकट गेले, आणि टंकताना नव्या चुका वर चढल्या. आडनावातली एक वेलांटी चुकली की बँक पीककर्ज अडवायची. क्षेत्राची बेरीज जुळत नव्हती, एकाच माणसाची दोन खाती निघत होती. यंत्र वेगवान होते, म्हणून चूकही वेगाने छापली जात होती. कागद फक्त पडद्यावर नेणे म्हणजे सुधारणा, हा समज त्या वर्षांत अनेकांना महागात पडला.

खरे वळण २०१७ च्या चावडी वाचनाने आले. संगणकातला सातबारा छापायचा, गावात माणसे जमवायची आणि तो मोठ्याने वाचायचा. कोणाचे नाव राहिले, कोणाचे क्षेत्र चुकले, हे लोकांनीच सांगायचे. जमाबंदी आयुक्तांच्या यंत्रणेने राबवलेल्या ई-फेरफार प्रकल्पातले हे सर्वांत शहाणपणाचे काम होते, कारण माहिती तपासायची तर ज्याची ती आहे त्यालाच विचारावे लागते. तलाठ्यांनी वही आणि पडदा शेजारी ठेवून एकेक गट जुळवला. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, त्यावरून या कष्टांची कल्पना यावी. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा खुला झाला. पंधरा रुपये भरले की उतारा घरात. सही-शिक्क्यासाठी तलाठी शोधत फिरणे थांबले.

२०२० मध्ये सरकारने उताऱ्याचा चेहराही बदलायचे ठरवले. पूर्वी खातेदार मयत झाला किंवा कर्ज फिटले की ती नोंद कंसात टाकत. ‘कंस केला’ हे महसुली बोलीतले वाक्य वकिलांना आणि तलाठ्यांना कळे. सामान्य माणूस मात्र कंसातले नाव वाचून गोंधळायचा: हा माणूस आहे की गेला? कर्ज बाकी आहे की फिटले? नव्या नमुन्यात अशा नोंदीवर सरळ आडवी रेघ येते. खोडलेले म्हणजे संपलेले, हे पाटीवर लिहायला शिकलेल्या पोरालाही समजते. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ आली, लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे करून बेरीज दाखवली गेली, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, वर क्यूआर कोड बसला. बदल बारीक आहेत, पण उतारा दुसऱ्याकडून वाचून घेण्याची गरज त्यांनी कमी केली.

नमुना बाराचे दुखणे वेगळे होते. पिकांची नोंद तलाठ्याने बांधावर जाऊन करायची, आणि ती अनेकदा मागच्या वर्षीच्या नोंदीवरून उतरवली जायची. मग द्राक्षाला गारपिटीची भरपाई मागताना कागदावर भलतेच पीक निघे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलने पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो. पहिल्या हंगामात नेटवर्क मिळेना, ॲप अडकू लागले, तक्रारी आल्या. २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये आपली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय आली, शेतकऱ्याचे म्हणणे खरे धरून तलाठ्याने १० टक्के नोंदी पडताळाव्यात असे ठरले. जुन्या महसुली यंत्रणेने रयतेच्या शब्दावर इतका विश्वास टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि चावडी? तिचीही सोय झाली. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावात धरलेल्या फेरफारांची यादी उघडते. पंधरा दिवसांची मुदत कायद्यात होती तशीच आहे. श्रमिकनगरातल्या खोलीत, रात्रपाळीला निघण्याआधी, फोनच्या पडद्यावर एकेक रकाना वाचता येतो: फेरफार क्रमांक, फेरफाराचा प्रकार, नोंदीची तारीख, गट क्रमांक, आणि हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख.